शरीर आठवड्यात सुटतं, मग बाकीचे दिवस कशाला?

एक हिशेब मांडून बघू. बारमध्ये जिला क्वार्टर म्हणतात ती १८० मिलिलिटरची असते. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो. म्हणजे एका क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल भरतं साधारण ६० ग्रॅम. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. लिंबूपाणी पाजा, काळी कॉफी द्या, नळाखाली उभं करा, त्याचा वेग काही बदलत नाही. सहा ते नऊ तासांत क्वार्टरचा निकाल लागतो. रात्री बाराला ती संपवलेल्या माणसाच्या रक्तात दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत दारू औषधालाही उरत नाही.

मग व्यसनमुक्ती केंद्रात माणसाला महिनाभर कशाला ठेवतात? पुण्याच्या मुक्तांगणमधला उपचार ३५ दिवसांचा आहे. अमेरिकेत २८ दिवसांची पद्धत रुळली. काही केंद्रं तीन महिने ठेवून घेतात. घरचे लोक हा प्रश्न भीतभीत विचारतात, पेशंट मात्र आठव्या दिवसापासून रोज विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला निघालं की वाटेत उंदीर भेटतात, माकडं भेटतात, व्हिएतनामहून परतलेले सैनिक भेटतात, आणि व्यसन नेमकं कुठे राहतं याबद्दलची आपली कल्पना पार उलटीपालटी होते.

शेवटचा पेग किती वाजता?

दाखल करून घेतानाचे प्रश्न अगदी कोरडे असतात. रोज किती लागते? किती वर्षं झाली? आधी कधी बंद केली होती का, आणि तेव्हा फिट आली होती का? शेवटचा पेग किती वाजता घेतला? घरी ‘दोनच घेतल्या’ असं सांगण्यात ज्याची वर्षं गेली आहेत, त्याला इथे खरा आकडा सांगणं जड जातं. डॉक्टरला मात्र तोच हवा असतो, कारण औषधाचा डोस त्यावर ठरणार असतो.

बाजूला बॅग उघडली जाते. कपड्यांच्या घड्या मोडून बघतात, खिसे उलटे करतात, चपलांचे तळ चाचपतात. खोकल्याचं औषध, माउथवॉश, सॅनिटायझर, अत्तर वेगळं काढून ठेवतात. ज्याची तलफ टोकाला गेली आहे तो यातलं काहीही पिऊ शकतो, हे अनुभवाने माहीत झालेलं असतं. मोबाइल बहुतेक ठिकाणी घरच्यांबरोबर परत जातो.

रात्री नर्स येते. “हात पुढे करा. बोटं फाकवा.” ती बोटांच्या टोकांकडे बघत राहते. मग एकेक प्रश्न. मळमळतंय का? डोक्याला पट्टा आवळल्यासारखं वाटतंय? अंगावर मुंग्या चालल्याचा भास? दिव्याचा उजेड नेहमीपेक्षा जास्त टोचतोय? आज तारीख काय? दारू तोडतानाचा त्रास मोजायची दहा मुद्द्यांची एक पट्टी आहे. जगभरातल्या वॉर्डांत ती वापरतात. एकूण गुण ६७, आणि जितके कमी पडतील तितकं चांगलं. दर काही तासांनी ही परीक्षा पुन्हा होते आणि मिळालेल्या गुणांवर पुढची गोळी ठरते.

ब्रेकवरचा पाय

रक्तातून दारू गेली की त्रास संपायला हवा. होतं उलटं, तो तिथून पुढे सुरू होतो. मेंदूत पेशींना शांत करणारं गाबा नावाचं रसायन आहे आणि त्यांना चेतवणारं ग्लुटामेट. दारू पहिल्याचा जोर वाढवते आणि दुसऱ्याला दाबते, म्हणून दोन पेगनंतर सैलावल्यासारखं वाटतं. पण रोजच ओतत राहिलं तर मेंदू आपला तोल स्वतःच सावरायला लागतो. शांत करणारी यंत्रणा तो मंद करतो, चेतवणारी तेज करतो. सतत ब्रेक दाबलेला असल्यामुळे अ‍ॅक्सिलरेटरही सतत दाबून ठेवावा लागलेली गाडी, तशी ही अवस्था. आता एका झटक्यात ब्रेकवरचा पाय काढला तर काय होईल?

शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांची अवस्था आणखी बिघडते. भिंतीवर किडे दिसतात, खोलीत नसलेली माणसं दिसतात, वार-तारखेचं भान सुटतं, ताप चढतो. उपचार मिळाला नाही तर यात माणूस दगावू शकतो. म्हणूनच वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला ‘हिंमत असेल तर आजपासून एकदम सोड’ असं सांगणं धोक्याचं आहे. वॉर्डात क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं देतात, यकृत फारच खराब असेल तर लोराझेपाम. ही औषधंही गाबाचंच काम वाढवतात. म्हणजे काढलेला पाय हलकेच परत ठेवायचा आणि मग आठवडाभरात थोडा थोडा करून उचलायचा.

याच काळात आणखी एक साधी गोष्ट दिली जाते, थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. अल्कोहोलच्या ग्रॅमला सात कॅलरी मिळतात, त्यामुळे पिणाऱ्याला पोट भरल्यासारखं वाटतं आणि जेवण सुटतं. शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोज चढवलं, तर ते पचवताना उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, गोंधळ उडणं, अशी ही इजा जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्येच नोंदवली होती. तिच्या पुढच्या पायरीवर नवी आठवण साठवण्याची क्षमताच जाते. अशक्त माणसाला ‘ताकदीची बाटली’ लावा म्हणून आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टर थांबवतात ते यासाठी. आधी थायमिन, मग साखर.

ब्राउन शुगरचं, म्हणजे अशुद्ध हेरॉइनचं, गणित वेगळं. पेशंट तिच्या तुटण्याला टर्की म्हणतात. शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तासांत जांभया सुरू होतात, नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा उभा राहतो, पोट बिघडतं, हाडं ठणकतात. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. बघणाऱ्याला वाटतं, हा काही यातून वाचत नाही. पण शरीरातलं पाणी आणि क्षार सांभाळले, तर टर्कीने मरण क्वचितच येतं. सगळ्या जगाला घाबरवणाऱ्या हेरॉइनपेक्षा परवाना लावून विकली जाणारी दारू अचानक तोडणं जास्त जिवावर बेतू शकतं, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा खरं वाटत नाही.

आठवा दिवस

आठवड्याभरात बहुतेकांची ही वादळं शमतात. भूक लागते, चेहऱ्यावरची सूज उतरते, चहाचा कप दोन हातांनी धरावा लागत नाही. भेटायला आलेली आई म्हणते, “किती वर्षांनी असा दिसतोयस रे!” आणि तो म्हणतो, “मी एकदम ओके आहे, घरी ने मला.” तो खोटं बोलत नसतो. त्या आवारात त्याला खरंच प्यावंसं वाटत नसतं. गोम नेमकी इथेच आहे.

१९३५ मध्ये अमेरिकेच्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टनजवळ, सरकारने अफू-हेरॉइनच्या व्यसनींसाठी एक प्रचंड रुग्णालय उघडलं. भोवती शेती, गाई-गुरं, मोकळी हवा. पेशंट महिनोन्‌महिने राहायचे, शेतात राबायचे, धडधाकट होऊन बाहेर पडायचे. न्यूयॉर्कला परतलेल्यांचा पुढे माग काढला तेव्हा दहातले नऊ पुन्हा हेरॉइनकडे वळलेले निघाले. तिथल्या अब्राहम विक्लर या डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. महिनोन्‌महिने पूर्ण स्वच्छ असलेली माणसं समूहचर्चेत ‘मालाबद्दल’ बोलायला लागली की जांभया द्यायची, नाक ओढायची, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. शरीरात कणभर हेरॉइन नाही, आणि टर्कीची लक्षणं हजर!

१९७१ मध्ये याच्या बरोबर उलटं घडलं. व्हिएतनाममधले अमेरिकन सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइनच्या आहारी गेले होते, आणि आता हे सगळे घरी येणार म्हणून वॉशिंग्टन हादरलं होतं. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. व्हिएतनाममध्ये जवळपास २० टक्के सैनिक व्यसनी झाले होते. पण त्यांच्यातले घरी आल्यावर वर्षभरात पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले जेमतेम ५ टक्के. हा निष्कर्ष इतका अविश्वसनीय होता की रॉबिन्स यांना तो वर्षानुवर्षं समजावून सांगत बसावं लागलं. सैनिक तरुण होते, त्यांची घरं शाबूत होती, हेही खरं. तरी एक फरक डोळ्यांत भरतो. लेक्सिंग्टनचे पेशंट व्यसन जिथे जडलं तिथेच परत गेले, सैनिकांनी मात्र ती जागा समुद्रापार सोडली होती.

जागेत असं काय असतं? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. उंदरांना एका ठरावीक खोलीत हेरॉइन टोचत गेले, डोस वाढवत नेला. शरीर सरावलं. मग एक दिवस जीवघेणा मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत दिला तेव्हा ३२ टक्के उंदीर मेले. तोच डोस, तसेच सरावलेले उंदीर, पण खोली दुसरी, तर मेले ६४ टक्के. आणि ज्यांना हेरॉइन कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यातले ९६ टक्के. याचा अर्थ असा की उंदरांचा जवळपास अर्धा सराव त्या खोलीशी बांधलेला होता. ओळखीच्या भिंती दिसल्या की शरीर येणाऱ्या डोसविरुद्ध आधीच कंबर कसून उभं राहतं. आणि डोस आलाच नाही तर? त्या तयारीचं काय होतं? तिलाच आपण तलफ म्हणतो.

मेंदूतल्या डोपामिनची कहाणीही इथेच येऊन मिळते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत सरबताचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळायच्या. थेंबाआधी ठरलेला इशारा द्यायला लागल्यावर काही दिवसांत त्या पेशी इशाऱ्यालाच उसळायला लागल्या. सरबत आलं तरी ढिम्म, आणि इशारा देऊन सरबत दिलं नाही तर एकदम खाली बसायच्या. आता माकडाच्या जागी संध्याकाळी सातला कारखान्याच्या गेटबाहेर पडणारा माणूस ठेवा. खिशात पगार, कोपऱ्यावर वाइन शॉपची निळी-लाल पाटी, बरोबर तेच दोन मित्र. पिण्याच्या कितीतरी आधी त्याच्या मेंदूने ग्लास उचललेला असतो.

उरलेल्या दिवसांत काय चालतं

केंद्राच्या कुंपणाआत यातलं काहीच नसतं. पगार नाही, पाटी नाही, मित्र नाहीत. त्यामुळे तिथे न पिणं सोपं, आणि म्हणूनच तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. उरलेले चार आठवडे जातात ते कुंपणाबाहेरच्या आयुष्याची तालीम करण्यात.

दिवस घड्याळाला बांधलेला असतो. पहाटे उठणं, व्यायाम, योग, प्रार्थना, आपापल्या वाट्याची झाडलोट, नाश्ता, मग समूह उपचार, समुपदेशकाबरोबर एकट्याने बोलणं, संध्याकाळी खेळ किंवा गाणी. वरून शाळेसारखं दिसतं. पण ज्याचा प्रत्येक दिवस ‘आजची कुठून मिळवायची’ या एकाच विचारावर उभा होता, त्याच्याकडे अचानक सोळा तास रिकामे आलेले असतात. वेळ घालवायचं कसब त्याला नव्याने शिकावं लागतं.

समुपदेशक एक कागद भरून घेतो. कुठल्या वेळी, कुठल्या ठिकाणी, कोणाबरोबर, कुठल्या मनःस्थितीत पिणं व्हायचं? पगाराचा दिवस, बायकोशी भांडण, भावाने केलेला अपमान, क्रिकेटची मॅच, गावची जत्रा, एकटेपणा, आणि बऱ्याचदा आनंद. प्रत्येकापुढे लिहायचं, तेव्हा मी काय करेन. मित्राने ‘एकच घे रे, काय होतंय’ म्हटल्यावर काय बोलायचं, याची चक्क प्रॅक्टिस होते. एक पेशंट मित्र बनतो, दुसरा नकार देतो, बाकीचे त्याच्या नकारातल्या पळवाटा काढून दाखवतात. ‘आज नको’ म्हटलंस तर तो उद्या येईल, ‘डॉक्टरने बंद केलीय’ म्हटलंस तर विचारेल किती दिवसांसाठी. इतरांच्या पळवाटा यांना बरोबर ओळखू येतात, कारण त्या सगळ्यांनी वापरलेल्या असतात.

समूहाची ही ताकद ज्या वर्षी नोंदली गेली तेही १९३५च. लेक्सिंग्टनचं रुग्णालय उघडलं त्याच वर्षी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. सरकारच्या शेतीने जे जमलं नाही ते आडनाव न सांगता गोलात बसणाऱ्या माणसांना पुष्कळांच्या बाबतीत जमलं. कारण ही सभा पेशंटच्या स्वतःच्या गावात भरते, पाटी आहे त्याच रस्त्यावर.

मुक्तांगणची घडणही अशीच आहे. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे हीच ब्राउन शुगर, पुण्या-मुंबईच्या घराघरांत शिरलं, तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉ. सुनंदा अवचट काम करत होत्या. त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी गर्दुल्ल्यांवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये मनोरुग्णालयाच्याच आवारात केंद्र सुरू झालं. तिथे काम करणाऱ्यांत बरे झालेले पेशंट मोठ्या संख्येने असतात. “मला काही त्रास नाही, उगाच आणलंय” असं म्हणणाऱ्यासमोर बसलेला माणूस हेच वाक्य स्वतः कधीतरी तिथेच बोललेला असतो. व्यसनींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही आहे.

पत्नींना का बोलावतात? त्यांचं वागणंही वर्षानुवर्षांत दारूभोवती घडलेलं असतं म्हणून. ऑफिसला ‘त्यांना ताप आहे’ असा फोन करणं, उधारी गुपचूप फेडणं, पावलांच्या आवाजावरून आज किती घेतलीय ओळखणं. तो न पिता घरी आला तरी तिचं नाक त्याच्या श्वासाकडे जातं, आणि तो भडकतो. घर हीच मोठी जागा असेल, तर बदल तिथेही व्हायला हवा.

न सांगता?

एसटी स्टँडच्या मुतारीबाहेर आणि पेपरातल्या छोट्या जाहिरातींत ‘न सांगता दारू सोडवा’ असं वाचलेलं असतं. भाजीत कालवायची पूड आणि काम फत्ते. दारूविरुद्धचं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम. रबराच्या धंद्यात वापरलं जाणारं हे रसायन. १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघं ते जंतावर चालतं का बघत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं, आणि दारू प्याल्यावर दोघांचीही तब्येत बिघडली. दारू मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि यकृत तो लगेच पुढे मोडतं. हे औषध ती दुसरी पायरीच अडवतं. चेहरा लाल, डोकं फुटेलसं, उलट्या, रक्तदाब खाली. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. ज्याला माहीत आहे त्याला ही भीती आधार देते. ज्याला ते न सांगता भाजीतून दिलं, तो नेहमीसारखा क्वार्टर मारतो आणि थेट आयसीयूत जाऊ शकतो.

तीच गोष्ट पेशंटला साखळदंडाने बांधून ठेवण्याची. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी जोडलेल्या स्थितींना मानसिक आजारांत धरलं आहे, आणि आजारी माणसाला साखळीने बांधायला बंदी केली आहे. मारहाण करणारं, उपाशी ठेवणारं ठिकाण म्हणजे उपचार नव्हे.

दाखल करण्याआधी विचारायचा प्रश्न

दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या दर १८० जणांपैकी एकालाच दाखल होऊन उपचार मिळाल्याचं आढळलं. म्हणजे जो केंद्राच्या दारापर्यंत पोचला तो आधीच नशीबवान. तरी घरी परतलेल्यांतले ४० ते ६० टक्के वर्षभरात पुन्हा घेतात. हा आकडा ऐकून हताश होण्याआधी हे लक्षात घ्या की रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांतही औषधं-पथ्य सोडून पुन्हा त्रास ओढवून घेणारे साधारण तेवढेच किंवा थोडे जास्तच असतात. त्यांना आपण ‘सुधारत नाही’ म्हणत नाही, परत डॉक्टरकडे नेतो. ब्राउन शुगरवाल्याच्या बाबतीत मात्र घसरण झाली तर घाई करावी लागते. महिनाभरात त्याच्या शरीराचा सराव उतरलेला असतो, आणि जुन्या मापाने घेतलेला पहिलाच डोस प्राण घेऊ शकतो. हे त्याला आणि घरच्यांनाही घरी सोडण्याआधी स्पष्ट सांगायला हवं.

म्हणून केंद्र निवडताना लोक खोल्या, जेवण आणि फी विचारतात, ते जरूर विचारावं. नोंदणी आहे का, रात्री फिट आली तर डॉक्टर कोण, हेही विचारावं. पत्ता शोधायचा तर केंद्र सरकारचा १४४४६ हा फुकट दूरध्वनी क्रमांक आहे. पण सगळ्यात कामाचा प्रश्न वेगळाच आहे: घरी पाठवल्यावर पुढचं वर्षभर तुम्ही काय करता? पाठपुराव्याला कधी बोलावता, आमच्या गावाजवळ सभा भरते का, घसरला तर रागावता की परत घेता? ज्या केंद्राकडे या प्रश्नाचं उत्तर तयार आहे, त्याला लेक्सिंग्टनचा धडा कळला आहे. शरीर आठवड्यात दारूतून सुटतं. व्यसन राहतं ते घरात, रस्त्यात, सातच्या ठोक्यात, आणि तिथला उपचार पेशंट घरी आल्यावरच सुरू होऊ शकतो.